घटस्फोट नव्हे, सेपरेशन

"मग झाला ना एकदाचा घटस्फोट?" हा प्रश्न मला गेल्या दीड वर्षात इतक्यांदा विचारला गेला की आता मी उत्तर पाठच केलं आहे. नाही झाला. मी मागितलाच नव्हता. मी मागितलं ते सेपरेशन. कोर्टाच्या कागदावर त्याचं पूर्ण नाव ‘सेपरेशन ऑफ पर्सन्स अँड प्रॉपर्टीज’. माणसं वेगळी, मालमत्ता वेगळी, लग्न मात्र जिथल्या तिथे. ह्यावर समोरची व्यक्ती बहुतेक वेळा "अस्सं" म्हणते आणि चहाचा विषय काढते.

मार्च २०२२ मध्ये मी पहिल्यांदा वकिलांकडे गेले तेव्हा मलाही एवढंच ठाऊक होतं. मोबाइलवर शोधलं तर जे काही मराठीत सापडायचं ते सगळं हिंदू मॅरेज ॲक्टचं. तो कायदा आपल्या गोव्यात चालतच नाही, हे समजायलाच मला एक महिना गेला. म्हणून ही हकिकत तारीखवार लिहून ठेवते आहे. मी वकील नाही, डिचोली तालुक्यातल्या मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. प्रत्येकीचं प्रकरण वेगळं असतं, तेव्हा माझ्यावरून स्वतःचा अंदाज बांधा, निर्णय घेऊ नका.

आणखी एक. नवऱ्याला ह्या लेखात मी ‘हे’ असंच म्हणते आहे. कोर्टात ते ‘रिस्पाँडंट’, म्हणजे प्रतिवादी होते. घरात काय म्हणायचं ते अजून ठरलेलं नाही.

आमचं लग्न डिसेंबर २००३ चं. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते, इथे लग्न म्हणजे दोन सह्या. आधी सिव्हिल रजिस्ट्रारच्या ऑफिसात जाऊन लग्न करायचा इरादा सांगायचा, ती पहिली सही. मग नोटीस लागते, मुदत जाते आणि दुसरी सही होते. माझी आजी दुसरीलाच ‘खरी सही’ म्हणायची. भटजी, होम, मंगलाष्टकं हे सगळं आपल्या हौसेचं, कायदा बघतो ती सही. त्या सहीबरोबर आणखी एक गोष्ट आपोआप होते, ती मात्र कोणी समजावून सांगत नाही. लग्नाआधी नोटरीपुढे वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची सगळी मालमत्ता एकत्र होते आणि दोघांचा त्यात निम्मा निम्मा हक्क येतो. लग्नानंतर हा करार करता येत नाही, केलेला बदलता येत नाही. आमच्या वाड्यावर असा करार कोणी केल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही. लग्न ठरलेल्या घरात नोटरीचं नाव काढायची कोणाची छाती आहे?

टीव्हीवर समान नागरी कायद्याची चर्चा निघाली की गोव्याचं कौतुक होतं. कौतुक खोटं नाही. पण निम्मं मिळतं म्हणजे निम्मं निस्तरायलाही लागू शकतं, हे त्या चर्चेत कधी येत नाही.

हे ट्रकवाले. खाणी जोरात होत्या तेव्हा आमच्या भागात ज्याच्या दारात ट्रक त्याला कोणीही मुलगी दिली असती. २००९ मध्ये पहिला ट्रक, २०१० मध्ये दुसरा, दोन्ही कर्जावर. त्याच वर्षी आम्ही फ्लॅट घेतला, पुढे एक गाळा घेऊन भाड्याने दिला. सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारने खाणी थांबवल्या, पुढच्या महिन्यात सुप्रीम कोर्टाने. २०१५ नंतर थोडं सुरू झालं, तोवर एक ट्रक कवडीमोलाने गेला होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये खाणींच्या ८८ लीजेस रद्द झाल्या आणि मार्चपासून पुन्हा सगळं ठप्प. माझा पगार होता म्हणून चूल पेटत राहिली. ह्यांच्याकडे मात्र अख्खा दिवस मोकळा असायचा. आधी मटका, चिठ्ठीवर दहा-वीस रुपये. तो आमच्याकडे कोण खेळत नाही म्हणून मीही कानाडोळा केला. मग लॉकडाउन आला आणि मोबाइलवर रमी आली. गोंयकारांना मांडवी नदीतल्या कॅसिनोत खेळायला फेब्रुवारी २०२० पासून बंदी आहे. मोबाइलला ना होडी लागते, ना दारावरचा रखवालदार.

ऑगस्ट २०२१ मध्ये गोल्ड लोनचं स्मरणपत्र घरी आलं. मी शाळेत बारीक मण्यांचं घालून जाते, मोठं मंगळसूत्र कपाटात असायचं. ते कपाटात नव्हतं. १ लाख १२ हजार भरून मी ते सोडवून आणलं आणि त्या दिवसापासून माझी झोप गेली. ओरडले, रडले, दिराला मध्ये घातलं, सासूबाईंच्या पायावर हात ठेवून ह्यांनी शपथ घेतली. ती तीन आठवडे टिकली.

जानेवारी २०२२ मध्ये हे एक कागद घेऊन आले. फ्लॅट विकायचा. "तुझी फक्त सही पाहिजे." जेवणाच्या टेबलावर कागद ठेवला, त्यावर पेन ठेवलं. सकाळची वेळ होती, खाली पोदेराचा हॉर्न वाजत होता, मुलगा पाव आणायला धावला होता. नवरा-बायकोत मालमत्ता एकत्र असली की एकाच्या सहीने घर विकता येत नाही, दुसऱ्याचीही लागते. ह्या एका नियमामुळे माझं घर शाबूत राहिलं. मी सही केली नाही. काही बोललेही नाही. कागद ह्यांनी उचलला, पेन तीन दिवस टेबलावरच होतं. चौथ्या दिवशी मुलाने ते दप्तरात टाकलं.

१४ फेब्रुवारीला विधानसभेची निवडणूक होती, मला ड्युटी लागली होती. त्या रात्री मतदान केंद्रावरून परतताना एका सहकारी बाईंना मी पहिल्यांदा सगळं सांगितलं. त्यांनी एका वकीलबाईंचा नंबर दिला. (महिलांना उत्पन्नाची अट न लागता सरकारी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ मध्ये तशी तरतूद आहे. मला हे खूप उशिरा कळलं. पैशांमुळे अडलेली कोणी हे वाचत असेल तर आधी तिथे जा.)

वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत एक जाडजूड पुस्तक पुढे ओढलं. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता, आणि तिच्या मागोमाग घटस्फोटाचा १९१० चा कायदा. पोर्तुगालमध्ये राजेशाही गेली ती ऑक्टोबर १९१० मध्ये आणि नोव्हेंबरमध्ये हा कायदा आला. १९६१ मध्ये पोर्तुगीज गेले, कायदा राहिला. माझ्या रमीवाल्या नवऱ्याचा निवाडा शंभर वर्षांपूर्वी लिस्बनमध्ये लिहून ठेवलेला आहे, हे ऐकून मला त्या अवस्थेतही हसू आलं. जुगाराचं जडलेलं व्यसन हे त्या यादीत स्वतंत्र कारण म्हणून आहे. मारहाण नाही, दुसरी बाई नाही, मग मला कोर्टात कोण उभं करणार, ह्या धास्तीत मी होते. ती तिथेच संपली.

बाईंनी तीन वाटा सांगितल्या.

पहिली, परस्पर संमतीने घटस्फोट. लग्नाला दोन वर्षं झालेली हवीत, दोघांचं वय पंचवीसच्या पुढे हवं, मुलांचं आणि मालमत्तेचं काय ते लिहून द्यायचं. कोर्ट आधी एक वर्षाचा तात्पुरता घटस्फोट देतं, वर्षानंतर दोघांनी पुन्हा सांगायचं की हो, आम्हाला हवाच आहे. सगळ्यात सुटसुटीत, पण दोघांची इच्छा लागते.

दुसरी, फक्त मालमत्ता वेगळी करून मागायची. नवऱ्याच्या कारभारामुळे बायकोचं जे आहे तेही बुडायची वेळ आली असेल तर ती तेवढंच मागू शकते. संसार चालू, हिशेब वेगळे.

तिसरी, सेपरेशन. घटस्फोट ज्या कारणांसाठी मागता येतो त्याच कारणांसाठी, त्याच्याऐवजी. एकत्र राहायचं बंधन जातं, मालमत्तेची वाटणी होते, लग्न मोडत नाही. दोघांपैकी कोणालाही दुसरं लग्न करता येत नाही. पुन्हा एकत्र यावंसं वाटलं तर ती वाट उघडी असते.

मी पंधरा दिवस मागून घेतले. खरं सांगायचं तर दुसरी वाट मला आधी पटली होती. पण घरातल्या घरात एका माणसाचा मोबाइल रात्री दोन वाजता कोणत्या उशीखाली उजळतोय हे ऐकत पडायचं, ते मला आता जमणार नव्हतं. पहिलीला ह्यांनी साफ नकार दिला. "घटस्फोटाच्या कागदावर मी मेलो तरी सही करणार नाही. वेगळं राहायचं असेल तर राहा, मी भांडायला येणार नाही." भांडून घटस्फोट मागता आला असता, कारण तेच होतं. तो मी का मागितला नाही, ह्याचं सरळ उत्तर माझ्याकडे नाही. मला दुसरं लग्न करायचं नाही हे एक. सासूबाई हे दुसरं. माझ्या दोन्ही बाळंतपणांत त्यांनी जे केलं ते माझ्या आईलाही जमलं नसतं, आणि त्यांच्या घरची सून हे नातं मला सोडायचं नव्हतं. आणि तिसरं, जे माझ्या भावाला अजून पटत नाही: मला ह्या माणसाचा राग होता, वीट आला नव्हता. मला घराला कुलूप हवं होतं, भिंत नको होती. माझ्या मैत्रिणीचा नवरा दारू पिऊन मारायचा, तिने घटस्फोट घेतला आणि अगदी योग्य केलं. तिला मी सेपरेशन कधीच सुचवलं नसतं.

एप्रिल २०२२ मध्ये हे गावच्या घरी, आईकडे राहायला गेले. मुलगी तेव्हा बारावीत जायची होती, मुलगा सहावीत.

कागद गोळा करण्यात मेची सुट्टी गेली. कोर्टालाही तेव्हा सुट्टी असते, त्यामुळे घाई नव्हती. लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, फ्लॅट आणि गाळ्याचे डीड, गावच्या जमिनीचा एक-चौदाचा उतारा (आमचा सातबारा), कर्जाची पत्रं, जॉइंट खात्याची तीन वर्षांची स्टेटमेंट्स. माझी एक चूक सांगते. मी स्टेटमेंट मोबाइलवरून काढून प्रिंट मारून नेलं. बाईंनी परत पाठवलं. बँकेकडून शिक्का आणि सही असलेलं, प्रमाणित केलेलं हवं. मोबाइलमधल्या मेसेजचे स्क्रीनशॉट द्यायचे तर त्यासोबत ६५बी चं सर्टिफिकेट लागतं (पुरावा कायदा बदलल्यापासून आता कलमाचा आकडा वेगळा आहे). आणखी एक, लग्नाच्या दाखल्यातलं आणि आधारमधलं नाव जुळतंय का ते आधी बघा. माझ्या दाखल्यात माहेरचं नाव, बाकी सगळीकडे सासरचं. त्यासाठी एक प्रतिज्ञापत्र जास्तीचं करावं लागलं.

२० जून २०२२ ला अर्ज दाखल झाला. कोर्टाच्या पायऱ्या चढताना मला गावातलं कोणी बघेल ह्याचीच भीती जास्त होती. आत गेले तर समोरच्या बाकावर आमच्या पालक-शिक्षक संघाचे अध्यक्ष. ते जमिनीच्या केससाठी आले होते. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला आणि दोघेही भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागलो.

पहिलं समन्स ‘घर बंद’ म्हणून परत आलं. घर बंद नव्हतं, सासूबाई मागे परसात होत्या. दुसरं सप्टेंबरमध्ये पोचलं. ह्यांनी वकील दिला, विरोध नाही असं लेखी दिलं. मला वाटलं झालं. बाई म्हणाल्या, "तसं नसतं. नवरा-बायकोच्या प्रकरणात नुसत्या ‘हो’वर कोर्ट निकाल देत नाही. कारण शाबीत करावं लागतं."

त्याआधी आम्हाला मीडिएशनला, म्हणजे मध्यस्थासमोर बोलणी करायला पाठवलं. नोव्हेंबर ते जानेवारी तीन बैठका. मी मनात धरून गेले होते की तिथे ‘सांभाळून घ्या’चं कीर्तन ऐकावं लागणार. तसं झालं नाही. मीडिएटर बाईंनी ह्यांना एकच विचारलं, "काल रात्री खेळलात?" हे खूप वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "हो." अख्ख्या तीन वर्षांत मी ऐकलेलं ते पहिलं सरळ उत्तर. त्या बैठकांमधून मुलांचं ठरलं. मुलं माझ्याकडे, रविवारी आणि सणाला गावच्या घरी, महिन्याला सहा हजार रुपये मुलांसाठी. ह्यांना तोवर एका शाळेच्या बालरथावर (शाळेच्या बसवर) ड्रायव्हरची नोकरी लागली होती.

पुराव्याची तारीख ११ एप्रिल २०२३. त्याआधीच्या दोन तारखा अशाच गेल्या होत्या. माझं म्हणणं प्रतिज्ञापत्रावर आधीच दिलेलं असतं, पण पिंजऱ्यात उभं राहून ते आपलंच आहे असं सांगावं लागतं आणि उलटतपासणी होते. कारभार इंग्रजीत. मी मराठीत बोलायचे, न्यायाधीश इंग्रजीत सांगायचे, टायपिस्ट टाइप करायची. ह्यांच्या वकिलांनी विचारलं, "तुमच्या नवऱ्याला जुगाराचं व्यसन आहे हे तुम्हाला कसं समजलं? थोडीफार करमणूक कोण करत नाही?" मी मोबाइलवरच्या बँकेच्या मेसेजची प्रिंट पुढे केली. ५०० रुपये, रात्री १ वाजून ५२ मिनिटं. ५०० रुपये, १ वाजून ५८. १००० रुपये, २ वाजून ६. २०००, २ वाजून १७. मग पुन्हा ५००, कारण खात्यात तेवढेच उरले होते. ती गणेश चतुर्थीची आदली रात्र होती, आणि ते पैसे मी माटोळीच्या (गणपतीच्या वर बांधायच्या फळांच्या आराशीच्या) बाजारासाठी ठेवले होते. वकिलांनी पान उलटलं आणि दुसरा प्रश्न विचारला.

इथे एक सांगते, सही करण्याआधी आपलं उत्तर इंग्रजीत काय टाइप झालं ते वाचून घ्या, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. माझ्या एका उत्तरात ‘नेहमी’ऐवजी ‘कधी कधी’ आलं होतं. मी भीत भीत सांगितलं, न्यायाधीशांनी लगेच दुरुस्त केलं. त्यात भिण्यासारखं काही नव्हतं.

ऑगस्टमध्ये माझ्या भावाची साक्ष झाली. तो चिडून जास्तच बोलला, ते सोडून देते.

१८ जानेवारी २०२४ ला निकाल. दहा मिनिटं. मी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेले होते, दुपारी परत येऊन चौथीला भागाकार शिकवला. संध्याकाळी मुलीने विचारलं, "आता तू काय आहेस?" मी म्हटलं, "सेपरेटेड." ती म्हणाली, "फॉर्मात तो रकाना नसतो." खरंच नसतो. बहुतेक फॉर्मांत विवाहित, अविवाहित, विधवा, घटस्फोटित. मी ‘विवाहित’ला टिक करते, जे खोटं नाही.

सर्टिफाइड कॉपी मिळायला एकोणीस दिवस लागले. तीन प्रती काढून घ्या, एक नको. अपिलाची मुदत उलटल्यावर ती कॉपी घेऊन मी सिव्हिल रजिस्ट्रारच्या ऑफिसात गेले, लग्नाच्या नोंदीवर सेपरेशनची नोंद करायला. तिथल्या क्लार्कने जुनं जाड रजिस्टर काढलं आणि आमचं पान उघडलं. वीस वर्षांपूर्वीच्या आमच्या सह्या. माझी गोल गोल अक्षरांची, नवीन नाव लिहायची सवय नसल्याने एका अक्षराशी अडखळलेली. ह्यांची ट्रकच्या लॉगबुकात असायची तशी एक रेघ. त्याच पानाच्या समासात निकालाची नोंद यायची होती. निकालाच्या दिवशी मी रडले नव्हते, इथे रडू आलं. क्लार्क मुलगा तिशीचा असेल. तो म्हणाला, "बाई, बसा, घाई नाही."

बऱ्याच जणी इथेच थांबतात असं वकीलबाई म्हणाल्या. थांबू नका. निकालाने मालमत्ता वेगळी करायचा हक्क मिळतो, कोणाचं काय ते ठरत नाही. त्यासाठी इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणी करायचं कोर्टातलं काम. वडीलधारे तिला ‘इन्व्हेंटार’ म्हणतात आणि नाव काढलं की कपाळाला हात लावतात, कारण वारसांच्या इन्व्हेंटरी पिढ्यान् पिढ्या चालतात. दोघांचीच असेल आणि दोघं भांडत नसतील तर इतकं भयंकर नसतं. पूर्वी हेही जुन्या संहितेप्रमाणे चालायचं, आता त्यासाठी २०१२ चा गोव्याचा स्वतःचा कायदा आहे, तो डिसेंबर २०१६ पासून लागू झाला.

एप्रिल २०२४ मध्ये अर्ज केला. शपथेवर यादी द्यायची, काय आहे आणि काय देणं आहे. व्हॅल्युअर आणून किंमत काढली. फ्लॅट ३८ लाख, गाळा १४ लाख, उरलेला ट्रक २ लाख. दोघांच्या नावावरचं घराचं कर्ज ४ लाख शिल्लक. म्हणजे निव्वळ ५० लाख, प्रत्येकी २५. ह्यांच्या हातउसन्या कर्जांची एक यादी त्यांच्या वकिलांनी जोडली होती, साडेसात लाखांची. ती संसारासाठी घेतलेली नाहीत अशी आम्ही हरकत घेतली, आणि सेपरेशनच्या निकालात जुगाराबद्दल कोर्टाने जे नोंदवलं होतं ते इथे उपयोगी पडलं. ती यादी सामाईक देण्यात धरली नाही. ह्याच एका गोष्टीसाठी मी त्या साऱ्या तारखा खाल्ल्या होत्या असं म्हटलं तरी चालेल.

एखाद्या वस्तूवर दोघांचाही डोळा असेल तर आपसात बोली लागते. आमच्यात बोली लागली नाही. मी फ्लॅट आणि कर्ज घेतलं, ह्यांनी गाळा आणि ट्रक. माझ्याकडे जास्तीचं आलं म्हणून फरकाचे ९ लाख मी ह्यांना द्यायचे. जीपीएफमधून (प्रॉव्हिडंट फंडातून) ५, भावाकडून ३, भिशीचा १. हे पैसे पुन्हा मोबाइलमध्ये जाणार ह्या विचाराने माझा जीव तिळतिळ तुटत होता. बाईंना विचारलं, काही करता येईल का. त्या म्हणाल्या, "त्यांच्या हिश्श्याचं त्यांनी काय करायचं हे ठरवायचा हक्क सोडण्यासाठीच तर तुम्ही कोर्टात आलात ना?" फार लागलं ते. बरोबर होतं म्हणून जास्त लागलं. पुढे दिराच्या सांगण्यावरून ह्यांनी त्यातले ४ लाख मुलाच्या नावावर ठेवले. उरलेल्यांचं काय झालं ते मी विचारलेलं नाही.

मार्च २०२५ मध्ये इन्व्हेंटरी संपली. जमाखर्च मांडते, कारण मला तो कोणी सांगितला नव्हता. सेपरेशनसाठी वकिलांची फी ६० हजार, तीन हप्त्यांत. इन्व्हेंटरीची ४० हजार. व्हॅल्युअर ६ हजार. स्टॅम्प, प्रती, झेरॉक्स, नोटरी मिळून साडेतीन-चार हजार. दोन्ही मिळून बावीस तारखा, त्यातल्या नऊ ‘पुढची तारीख’ एवढंच ऐकण्यासाठी. रजा हा खरा मोठा खर्च. मी पहिल्या वर्षी सगळ्या सीएल जूनपासूनच उधळल्या आणि मुलगा तापाने फणफणला तेव्हा हातात एकही नव्हती. बाईंच्या ज्युनियरशी बोलून ठेवा, जिथे आपण हजर असण्याची गरज नाही त्या तारखेला ती सांगते.

शेवटची लटांबरं. नॉमिनेशन आपोआप बदलत नाही. बँक, विमा, जीपीएफ, प्रत्येक ठिकाणी वेगळा फॉर्म. जॉइंट खातं बंद करायला दोघांना एकत्र जावं लागलं, त्या दिवशी ह्यांनी मला बँकेबाहेर शहाळं पाजलं. आणि इन्कम टॅक्स. मालमत्ता एकत्र असलेल्या गोंयकार जोडप्यांसाठी त्यात वेगळं कलम आहे (१९६१ च्या कायद्यात ५ए). पगार ज्याचा त्याचा, पण भाडं, व्याज वगैरे उत्पन्न दोघांत निम्मं निम्मं दाखवायचं. इतकी वर्षं गाळ्याचं अर्धं भाडं माझ्या रिटर्नमध्ये होतं. सीएला निकालाची आणि वाटणीची कॉपी नेऊन द्या, नाहीतर तो सवयीने जुनंच शेड्यूल भरून मोकळा होतो. माझ्या सीएने भरलंच होतं, मी सही करायच्या आधी बघितलं म्हणून बरं.

सासूबाईंनी ह्या सगळ्यात एकदाच तोंड उघडलं. निकालानंतर मी पहिल्यांदा गावच्या घरी गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "बाये, चवथीक येतली मगो?" मी म्हटलं, येईन.

२०२५ मध्ये चवथ २७ ऑगस्टला होती. आदल्या दिवशी मुलांना घेऊन गेले. सोप्यावर हे शिडीवर चढून माटोळी बांधत होते, मुलगा खालून दोरी धरून होता. मी सुपं बाजूला केली आणि कांगलां, आंबाडे, नारळाची पेंड वेगवेगळी करत बसले. पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद करणारा कायदा दिल्लीत आदल्याच आठवड्यात झाला होता, पेपरात पहिल्या पानावर होतं.

हे वरूनच म्हणाले, "ती सगळी ॲपं बंद केली म्हणे."

"वाचलं," मी म्हटलं.

थोडा वेळ कोणी काही बोललं नाही. मग हात खाली आला. "अगो, ते सुपारीचं शिपटं दे वर."